माझ्या घाईमुळे कॉलेजचा ॲक्सेस बंद झाला : माझा अनुभव

सोमवारी सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "सर, शुक्रवारी संध्याकाळी ग्रंथालयातल्या मशीनवर तुम्हीच बसला होतात ना? जरा खाली या. प्रकाशकाने आपला ॲक्सेस बंद केलाय."

मी शासकीय महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, सोबत पीएचडी चालू आहे. पूर्वी एकेका पेपरसाठी पुण्या-मुंबईच्या मित्रांना गळ घालावी लागे. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची योजना सुरू झाली, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली, तेव्हा मला गहिवरून आलं होतं. पण हे उद्या असेल का, ही धास्ती जाईना. त्यापोटीच मी ब्राउझरमध्ये डाउनलोडरचं एक्स्टेंशन (आपोआप फायली उतरवणारी जोडणी) टाकलं आणि एका नियतकालिकाचे १२ वर्षांचे अंक उतरवायला लावून घरी गेलो.

मॅडमनी प्रकाशकाचा मेल दाखवला. तारीख, वेळ, आयपी ॲड्रेस (इंटरनेटवरचा आमचा पत्ता), सगळं त्यात होतं. नियमही दिला होता: अभ्यासाला, शिकवायला लागतील ते लेख घ्या. अंकच्या अंक उतरवणं किंवा ते काम यंत्राला लावणं म्हणजे 'सिस्टिमॅटिक डाउनलोडिंग', ते चालत नाही. तासाला किती चालतात, हा आकडा मात्र कुठेच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "माणूस वाचेल त्या बेताने घ्या, काही होत नाही." आकडा सांगायला हवा, असं मला आजही वाटतं. मर्यादा ठाऊक नसेल तर पाळायची कशी?

मला जास्त लागलं ते वेगळंच. आमचं सगळं कॉलेज बाहेर एकाच आयपी ॲड्रेसवरून दिसतं, त्यामुळे दार सगळ्यांचंच बंद झालं. एम. फार्मची मुलं प्रबंध लिहायला बसली होती. एक मुलगी तोच लेख पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती. हे माझ्यामुळे झालंय, असं मी तिला तिथेच सांगितलं.

मग लेखी खुलासा. पहिल्या मसुद्यात मी 'तांत्रिक चुकीमुळे' असं लिहिलं होतं. मॅडमनी ते खोडायला लावलं. "जे झालं तेच लिहा, सर. गोलगोल लिहिलं की ते परत विचारतात, त्यात दिवस जातात." कोणतं साधन वापरलं, केव्हा वापरलं, ते लिहिलं. एक्स्टेंशन काढलं, मशीनवरच्या आणि पेन ड्राइव्हवरच्या फायली पुसल्या, कुणाला दिल्या नाहीत हेही लिहून दिलं. प्राचार्यांच्या सहीने पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी ॲक्सेस परत मिळाला.

मधल्या दिवसांत मुलांना अडलेले लेख मी थेट लेखकांना मेल करून मागवले. सातांपैकी पाच आले. सारांश बहुधा सगळ्यांना खुलेच असतात, म्हणून त्या १२ वर्षांच्या अंकांचे सारांशही वाचून काढले. माझ्या कामाचे लेख निघाले ३४. पुढच्या दोन आठवड्यांत ते एकेक उघडून घेतले.