पाटीवरचं साल

फोटोत पुढच्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून बसलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. काळी टोपी कानांपर्यंत उतरलेली, बहुतेक थोरल्या भावाची असावी. मांडीवर त्याने पाटी उभी धरली आहे. मागे खुर्च्यांवर पागोटी-उपरण्यातली मोठी मंडळी आणि त्यांच्यामागे उभे तरुण, अशी एकूण एकतीस माणसं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, आठ बाय दहा इंचांचा हा फोटो आमच्या रामबागेकडच्या एका जुन्या वाचनालयाच्या कपाटात होता. यंदा तिथे स्मरणिका काढायचं ठरलं आणि पानं लावायचं काम माझ्याकडे आलं. इंदुरात मी बावीस वर्षं डीटीपी करते आहे, लग्नपत्रिकेपासून प्रबंधापर्यंत सगळं केलंय. पण जुन्या फोटोवर नेमका हक्क कोणाचा, हा प्रश्न इतक्या जवळून पहिल्यांदाच समोर आला.

आधी शोध सुरू झाला तो एकोणिसाव्या शतकातले फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांच्या फोटोचा. पहिल्या लेखाला जुन्या इंदूरचं चित्र हवं होतं, आणि ते दीनदयाळांचंच असावं असं सगळ्यांचं म्हणणं. मेरठजवळच्या सरधन्यात १८४४ साली जन्मलेले दीनदयाळ रुडकीला इंजिनिअरिंग शिकून इंदुरात बांधकाम खात्यात नोकरीला आले आणि १८७४ च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना पाठबळ दिलं. हैदराबादच्या निजामाचे फोटोग्राफर म्हणून त्यांचं नाव पुढे गाजलं, पण हात बसला तो आपल्या गावात. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. ते १९०५ साली वारले. आपल्या आजच्या कायद्याप्रमाणे फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीनंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे अगदी ताणून धरलं तरी त्यांच्या फोटोंवरचा हक्क १९६५ अखेर संपला.

हवा होता तसा एक फोटो परदेशातल्या एका चित्रसंग्रहाच्या यादीत सापडला. मी मेल केली. उलट एक लांबलचक फॉर्म आला: प्रती किती, पान अर्धं की पूर्ण, आत की मुखपृष्ठावर, भाषा किती, विक्री कुठे. सगळं प्रामाणिकपणे भरलं. त्यावर पौंडांत जो आकडा आला, तो रुपयांत केला तर आमच्या पाचशे प्रतींच्या कागदाचा अख्खा खर्च भरत होता. तोही एका आवृत्तीपुरता. पुन्हा छापलं तर पुन्हा पैसे. मी विचारलं, फोटोग्राफर १९०५ साली गेले, मग हक्क कोणाचा? उत्तर आलं की स्कॅन आमचा आहे, म्हणून हक्क आमचा.

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. स्कॅनिंगचे पैसे मीही घेते. जुनं प्रिंट जपून काढायचं, धूळ झटकायची, रंग जुळवायचे, याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे घ्यावेत. त्या संग्रहाने कष्टाचं बिल लावलं असतं तर मी आनंदाने भरलं असतं. पण गिऱ्हाइकाच्या आजीचा फोटो स्कॅन केला म्हणून त्यावर माझी मालकी होत नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ साली हेच म्हटलं: जुन्या चित्राच्या हुबेहूब नकलेत नवं काही नसतं, म्हणून तिला नवा कॉपीराइट मिळत नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात तेच घातलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली, निकालपत्रांच्या संपादनाच्या एका खटल्यात, नुसती मेहनत आणि पैसा ओतून कॉपीराइट मिळत नाही, थोडी तरी सर्जनशीलता लागते, असं सांगितलं. तो खटला फोटोंचा नव्हता, तरी त्यातलं तत्त्व स्कॅनलाही लागू पडावं असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकन फोटोग्राफर मॅन रे यांच्या फोटोंची. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे यांचे त्यांनी युरोपात काढलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. समितीतल्या एका दादांनी त्यातलाच एक पाठवला आणि म्हणाले, "आपल्याच महाराजांचा आहे, लावून टाका मुखपृष्ठावर." मी नाही म्हटलं. महाराज आपले, पण फोटो मॅन रे यांचा. ते १९७६ साली गेले. युरोपात हयातीनंतर सत्तर वर्षं हक्क असतो, म्हणजे तिथे २०४६ संपेपर्यंत. दादा थोडे नाराज झाले. पण दीनदयाळांच्या फोटोवर कोणी खोटा हक्क सांगितला म्हणून चिडायचं आणि मॅन रे यांचा खरा हक्क मात्र गुंडाळून ठेवायचा, हे मला जमणारं नव्हतं.

शेवटी ठरलं की वाचनालयाच्या कपाटातलेच फोटो लावायचे, आणि स्मरणिकेबरोबर ते इंटरनेटवरही टाकायचे. इथे चिटणीस काकांनी आग्रह धरला की प्रत्येक फोटोवर मधोमध वाचनालयाचं नाव आडवं छापायचं आणि आकार लहान ठेवायचा.

"ताई, उद्या कोणी उचलून कॅलेंडर छापलं म्हणजे?"

"छापू द्या की, काका. इंदूरच्या घराघरांत आपलं वाचनालय लागेल."

काकांचं मन मला कळत होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते कपाट वाळवीपासून वाचवलंय, दर पावसाळ्यानंतर स्वतः फोटो उन्हात नाही, पण हवेशीर सावलीत मांडलेत. त्यांची ती माया होती. म्हणून मी त्यांना अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमची हकीकत सांगितली. तिथे व्हर्मीर या जुन्या डच चित्रकाराचं दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र आहे. इंटरनेटवर त्याच्या पिवळट, बिघडलेल्या नकला इतक्या झाल्या होत्या की म्युझियमच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरचे खरे रंगच लोकांना खोटे वाटायला लागले. म्युझियमने त्यावर उपाय केला तो स्वतःची उत्तम प्रत मोकळी सोडण्याचा. वाईट नकलेला चांगली प्रत मागे टाकते, कुलूप नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली पावणेचार लाखांच्या आसपास चित्रं अशीच मोकळी केली, आणि स्मिथसोनियनने २०२० साली अठ्ठावीस लाख. काका ऐकत राहिले, पण नाव छापायचंच, यावर ठाम होते. मी म्हटलं, एकदा पूर्ण आकाराचा स्कॅन करून तर बघू.

पुठ्ठा स्कॅनरपेक्षा मोठा. झाकण लागेना, म्हणून वरून काळं कापड टाकलं. सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, असा स्कॅन केला; फोटो झाला ४८०० बाय ६००० पिक्सेल. काका शेजारी खुर्ची ओढून बसले. मी एकेक चेहरा मोठा करत गेले. एकाच्या उपरण्याची किनार दिसली, एकाच्या मुठीत घडी घातलेला कागद दिसला, मागच्या रांगेतल्या एकाने ऐन वेळी मान हलवली होती. मग त्या मुलाच्या पाटीवर आलो. हातातल्या प्रिंटवर ती नुसती राखाडी दिसते. पडद्यावर खडूच्या रेघा उमटल्या: वक्तृत्व, आणि खाली सन १९३४.

इतकी वर्षं तो फोटो "अंदाजे १९२०" म्हणून नोंदलेला होता. मी काकांनी आधी सुचवलेली प्रत शेजारी उघडली. आडवं नाव बरोबर पाटीवरून गेलं होतं. काका काही बोलले नाहीत. उठले आणि आतून १९३४ ची कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, घेऊन आले. मोडी वाचायला आप्पांना बोलावलं. आप्पा ऐंशीच्या पुढचे. भिंग घेऊन दोन तास बसले आणि माघ महिन्यातली एक ओळ त्यांना सापडली: ग्रुप फोटोबद्दल फोटोवाल्यास रुपये अकरा, प्रती तीन.

या ओळीचं महत्त्व फार मोठं आहे. पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. आपल्या १९५७ च्या कायद्यात हे आहेच, आणि त्याआधीच्या कायद्यातही होतं. (तुमच्या लग्नाच्या अल्बमलाही हेच लागू, म्हणून फोटोवाल्याच्या कराराचा कागद सही करण्याआधी वाचा.) स्टुडिओ आज नाही, फोटोवाल्याचं नाव पुठ्ठ्यावरून पुसलं गेलंय, पण जो काही हक्क असेल तो वाचनालयाचा, आणि तो मोकळा करायचा अधिकारही वाचनालयाचाच. पूर्ण आकाराच्या स्कॅनने पाटी वाचता आली, पाटीवरून कीर्द सापडली आणि किर्दीने मालकी सांगितली.

मग परवाना कोणता, यावर आणखी एक बैठक झाली. "धंद्यासाठी वापरू नये" अशी अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्सचा (आपलं काम इतरांना वापरू देण्याचे तयार परवाने देणाऱ्या संस्थेचा) परवाना बऱ्याच जणांना सुरक्षित वाटत होता. मी त्याला विरोध केला. पन्नास रुपयांना विकली जाणारी स्मरणिका हा धंदा की नाही? शाळेचं पाठ्यपुस्तक? वर्तमानपत्र? विकिपीडियासाठी चित्रं साठवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्स या साइटवर ही अट असलेली चित्रं घेतच नाहीत. एक अट घातली की माझ्यासारखी प्रामाणिक माणसं अडतात, आणि उचलणारे उचलतातच. मग "नाव द्या, बाकी काहीही करा" हा परवाना सुचवला गेला. तो मला आवडतो, पण नव्वद वर्षांपूर्वीच्या फोटोवर हक्क उरलाच नसेल तर अट कशाच्या जोरावर घालायची? शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्सचंच सीसी झिरो ठरलं: हक्क असलाच तर तो सोडला. नाव द्यावं ही अट न ठेवता विनंती ठेवली. तिची ओळ काकांनी स्वतः लिहिली.

देणगीत आलेले काही घरगुती फोटो मात्र आम्ही मागे ठेवले आहेत. त्यात बाळंतिणीच्या खोलीतले आहेत, एक अंत्यदर्शनाचा आहे. कायदा काही म्हणो, त्या घरांना आधी विचारायचं.

वक्तृत्वाचा फोटो पूर्ण आकारात कॉमन्सवर गेला आहे. पुठ्ठ्यामागे पेन्सिलने खुर्चीवरच्या आणि उभ्या असलेल्यांची नावं आहेत. ती सगळी मी माहितीत टाकली. सतरंजीवर बसलेल्यांची नावं कोणी लिहून ठेवलेली नाहीत. त्या मुलाच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली आहे.