फुटाळ्यातले डॉल्फिन

मे महिन्यात नागपुरात कोणतीही मशीन अडखळली की पहिला संशय उन्हावर. धरमपेठेतल्या त्या उन्हाळी वर्गातही तेच चाललं होतं. मुलं मिळून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळात नागपूर बांधत होती: झिरो माइलचा खांब, सीताबर्डीचा किल्ला, फुटाळा तलाव, संत्र्याच्या बागा. सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचं सामायिक जग चालवणारा प्रोग्राम, त्याच खोलीतल्या एका पीसीवर. संध्याकाळच्या बॅचला सगळं जग दोन-तीन सेकंद थिजायचं, सुटायचं, थोड्या वेळाने परत थिजायचं. मॅडमनी खोलीतला एकुलता एक कूलर पीसीकडे वळवून ठेवला होता. मुलं घामाने निथळत होती आणि पीसी गारव्यात. शनिवारी पालक बघायला येणार म्हणून मला बोलावणं आलं.

सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे गेल्या गेल्या चार निदानं ऐकायची सवय आहे. "दादा, नेट स्लो होऊन राहिलं." "अबे नेट नाही, रॅम कमी आहे." रॅम तर मॅडमनी आधीच दुप्पट करून घेतली होती. नेटचा प्रश्नच नव्हता, सगळे पीसी खोलीतल्या खोलीत केबलने जोडलेले. मुलांना एकच विचारलं: थिजतं तेव्हा मान फिरवता येते का? येते म्हणाले. चालताही येतं, पण फोडलेला ब्लॉक परत उगवतो आणि गाई जागच्या जागी उभ्या राहतात. म्हणजे चित्र काढणारा पीसी ठीक आहे, अडतोय तो सर्व्हर. नेट अडो, चित्र अडो की सर्व्हर, तिन्हींना लोक सरसकट लॅग म्हणतात आणि मग भलत्याच दुकानात पैसे घालतात.

माइनक्राफ्टचा सर्व्हर जग टिकाटिकाने पुढे सरकवतो: सेकंदाला 20 टिक, एका टिकला 50 मिलिसेकंद. गाई, पाणी, यंत्रं, सगळ्यांचा हिशेब त्या वेळात आणि मुख्यतः एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामांच्या एकाच रांगेत. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये आठ कोरचा सीपीयू निवांत दिसत असतो आणि त्यातला एक कोर मात्र पार दमलेला असतो.

मी स्पार्क नावाचा मॉड, म्हणजे खेळाला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकला. तो खेळात काही भर घालत नाही, फक्त सर्व्हर वेळ कुठे घालवतो ते टिपून ठेवतो. पहिल्या कमांडला टीपीएस, म्हणजे सेकंदाला होणारे टिक, 19 च्या वर. मॅडमचा चेहरा उजळला, "सगळं चांगलंच दाखवून राहिलं ना हे!" इथेच माणूस फसतो. मिनिटाला 1200 टिक असतात. सर्व्हर दोन सेकंद पूर्ण गोठला तरी त्यातले फार तर 40 बुडतात आणि मिनिटाची सरासरी 19.3 च्या खाली जात नाही. पंधरा मिनिटांच्या सरासरीत तर तो धक्का विरूनच जातो. मी सरासरीकडे फारसा बघत नाही. त्याच्याच खालच्या ओळीत टिकला लागलेला वेळ असतो: मधला आकडा 14 मिलिसेकंद, सर्वात मोठा दोन हजारांच्या वर. म्हणजे एरवी सर्व्हर आरामात होता. मधेच एखादा टिक सगळ्यांना धरून ठेवत होता.

नुसतं प्रोफाइलिंग, म्हणजे सरसकट सगळ्या टिकांची नोंद, लावलं असतं तर हजारो निरोगी टिकांच्या गर्दीत तो एक आजारी टिक हरवला असता. स्पार्कला सांगता येतं की ठरावीक मर्यादेपेक्षा लांबलेले टिकच ठेव. मर्यादा 150 मिलिसेकंद लावली, कूलर मुलांकडे फिरवला आणि पोरांना म्हटलं, खेळा. पीसीचं तापमान नजरेसमोर ठेवलं होतं, ते धोक्याच्या जवळपासही गेलं नाही.

सहा वाजून गेल्यावर जग थिजलं. मग पुन्हा. रेकॉर्डिंग थांबवून ब्राउझरमध्ये नोंदींचं झाड उघडलं, कोणत्या कामाच्या पोटात कोणतं काम चाललं होतं ते दाखवणारं. मला वाटत होतं हॉपर, म्हणजे वस्तू ओढून पुढे ढकलणारे नरसाळ्यासारखे ठोकळे, निघतील, कारण संत्र्याच्या गोदामात पोरांनी त्यांच्या रांगा लावल्या होत्या. निघाला डॉल्फिन! फांदी उघडत गेलो: प्राण्यांचा टिक, त्याखाली डॉल्फिनचं 'खजिन्याकडे पोहत जा' हे काम, आणि त्याखाली जवळची वास्तू शोधणारं फंक्शन. जवळजवळ सगळा वेळ तिथेच.

"फुटाळ्यात डॉल्फिन कोणी सोडले रे?"

चौथीतली एक पोरगी उभी राहिली. "मी, काका. संध्याकाळी त्यांना भूक लागते ना."

खेळातल्या डॉल्फिनला कच्चा कॉड किंवा सामन मासा खायला दिला की तो सर्वात जवळचं बुडालेलं जहाज किंवा समुद्रतळाचे अवशेष शोधून तिकडे निघतो. तो शोध मुख्य थ्रेडवरच चालतो, उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळं थांबतं. समुद्र शेजारी असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मॅडमनी शहराला जागा हवी म्हणून लार्ज बायोम्सचं जग, म्हणजे जमीन-समुद्राचे पट्टे खूप मोठे असलेलं, घेतलं होतं आणि मुलांनी नागपूर वसवलं होतं अफाट जमिनीच्या मधोमध. एका परीने भूगोल अचूकच. झिरो माइलपासून समुद्र शोधायला वेळ लागणारच ना बाप्पा!

डॉल्फिन काढून टाकले असते तर काम मिनिटात संपलं असतं. पण पोरीचे डोळे भरून आले होते, आणि मलाही ते पटत नव्हतं. लॅपटॉप उघडून एक चिमुकला मॉड लिहिला: मासा खा, पण शोधाला निघू नकोस. तिने चाचणी म्हणून अख्खी टोपली रिकामी केली. सर्वात लांब टिक 60 मिलिसेकंदांच्या आसपास गेला, तोही जग सेव्ह होताना.

"म्हणजे रॅम?" मॅडमनी विचारलं. वाढवलेली काढून घरच्या पीसीत घाला म्हटलं, इथे ती बसून आहे.

गोदामाची पोरं मात्र तोंड पाडून बसली होती, त्यांना आपलेच हॉपर गुन्हेगार हवे होते. त्यांच्या रांगाही अगदी निर्दोष नव्हत्या. उघड्या तोंडाचा हॉपर वर काही पडलंय का हे सारखं बघत बसतो. त्याच्यावर कंपोस्टर, म्हणजे खत बनवायचा ठोकळा, ठेवला की तो ते बघणं सोडतो. पोरं लगेच कंपोस्टर बनवायला पळाली.