काउंटरमागे एक स्टूल

मंगळवार, रात्र

आज शेठपुढे बोलले. अजून हातपाय शांत झालेले नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

सध्या लग्नसराई आहे. दुकान उघडल्यापासून बस्त्याची गिऱ्हाइकं येतात, एकेका बस्त्याला दहा-पंधरा माणसं. ती गादीवर बसतात, आम्ही उभ्या. एक साडी पसंत पडेपर्यंत ढीगभर उलगडायच्या, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, मंडळी उठली की सगळ्यांच्या परत घड्या. त्याबद्दल तक्रार नाही, ते कामच आहे. पण भर दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, तेव्हाही उभंच राहायचं. भिंतीला टेकायचं नाही. कॅमेऱ्यात दिसतं.

पैठणीच्या काउंटरवरच्या मावशी माझ्या जन्माआधीपासून इथे आहेत. त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या पडून गाठीगाठींनी फुगल्यात. जेवणाच्या सुट्टीत त्या साडी जरा वर घेऊन क्रेप बँडेज सैल करतात, तेव्हा खाली कातडीवर वळ उठलेले दिसतात. आज दुपारी त्या गादीच्या कडेला जेमतेम टेकल्या. सुपरवायझर वरून खाली आले, "गादी गिऱ्हाइकाची आहे" म्हणाले आणि हजेरीत हाफ डे लावला. मावशी चकार शब्द बोलल्या नाहीत. उठल्या आणि घडी घातलेलीच साडी उलगडून उभ्यानेच पुन्हा तिची घडी घालू लागल्या.

मला ते बघवेना. सरळ गल्ल्यापाशी गेले. "शेठ, मावशींचा हाफ डे काढा. आणि काउंटरमागे स्टूल ठेवा. गिऱ्हाईक आलं की आम्ही उभ्या राहूच."

"बसलेली सेल्सगर्ल बघून गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाइकांत बायकाच जास्त असतात शेठ. त्यांना कळेल."

केरळचंही सांगितलं त्यांना. कोळिकोडच्या मिठाई गल्लीतल्या दुकानांत बायकांना असंच दिवसभर उभं ठेवायचे, लघवीला जायचीही सोय नसायची. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी त्या बायकांना एकत्र आणलं, ‘पेण्कूट्टु’ ही संघटना काढली. बरीच वर्षं भांडल्यावर २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसायचा हक्क घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. आणि कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, हे तर १९४८ च्या कारखाने अधिनियमातच घातलेलं होतं, कलम ४४. दुकानातल्या बाईचे पाय काय वेगळे असतात?

शेठनी हाफ डे काढला. स्टुलाचं "बघू" म्हणाले.

संध्याकाळी मावशीच माझ्यावर चिडल्या. "पोरी, तू जूनमध्ये कॉलेजला जाशील. मला इथंच दिवस काढायचेत. उद्या राग माझ्यावर निघेल." त्यांचं खरं आहे. त्यांच्या पगारावर घर चालतं. माझा पगार बंद झाला तरी आमच्या घरात चूल पेटते. पण म्हणूनच हे बोलायचं काम माझं आहे, असं मला वाटतं. ज्याला नोकरी गमवायची भीती कमी, त्याने आधी तोंड उघडावं. मावशींनी हिंमत दाखवावी अशी अपेक्षा धरणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकणं.

निघताना सुपरवायझर म्हणाले, उद्यापासून तू गोडाऊनला. जाईन. तिथे गठ्ठे उचलावे लागतील, चालेल.

आत्ता अर्ज लिहून काढला. मागण्या दोनच. प्रत्येक काउंटरमागे एक स्टूल, आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची किल्ली सुपरवायझरकडे मागावी न लागता खिळ्याला टांगलेली. मावशींचं नाव कुठेही घातलेलं नाही. पहिली सही माझी. ड्रेस मटेरियलच्या दोन ताया उद्या सकाळी शटर उघडायच्या आधी सह्या करणार आहेत.