तांबे : पुरेसे

अण्णांच्या द्राक्षबागेच्या माती अहवालावर दोन वर्षांपूर्वी सही केली ती मीच. सामू (पीएच) 8.1, सेंद्रिय कर्ब 0.92 टक्के, तांबे ‘पुरेसे’. निफाडकडच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत एवढा कर्ब सहसा दिसत नाही, म्हणून मी त्यांचं कौतुकही केलं होतं. यंदा ऑगस्टच्या अखेरीस त्यांचा फोन आला. “ताई, रिपोर्ट चांगला, खतं वेळेवर, मग वेली थकल्या कशानं?”

द्राक्षबागेत मातीचा नमुना बोदावरून, म्हणजे वेली लावलेल्या उंच वरंब्यावरून, ड्रीपरजवळून घेतात. शेणखत, स्लरी, पाणी, सगळं तिथंच पडतं. त्यामुळे चांगला अहवाल येतो तो त्या हातभर पट्ट्याचा. दोन ओळींमधल्या जमिनीचा नमुना कुणी घेत नाही. मीही घेतला नव्हता.

या वेळी सहा इंच व्यासाची लोखंडी रिंग नेली. ती लाकडी ठोकळा ठेवून तीन इंच खोल ठोकायची, आत प्लास्टिक अंथरायचं, त्यावर 450 मिली पाणी ओतायचं आणि प्लास्टिक अलगद ओढून घड्याळ लावायचं. एवढं पाणी म्हणजे साधारण इंचभर पाऊस. पहिलं पाणी जमीन ओली करण्यापुरतं, खरा हिशोब दुसऱ्याचा. घाईत पहिल्याचीच वेळ लिहून मोकळे होणारे आमच्यात पुष्कळ आहेत, आणि ते मला सहन होत नाही.

बांधावर, आंब्याखालच्या गवतात दुसरं पाणी सहा मिनिटांत जिरलं. बागेत ब्लोअरच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या फवारणी यंत्राच्या, चाकोरीत एक तास चाळीस मिनिटांनीही पाणी तसंच उभं. अण्णा शेजारी उकिडवे बसून होते. “इथं आमचे वडील नांगर धरायचे, तेव्हा पाणी असं थांबत नव्हतं,” एवढंच म्हणाले.

मग फूटभर लांब, रुंद, खोल खड्डे घेतले. आंब्याखाली अकरा गांडुळं. ओळींमधल्या तीन खड्ड्यांत एकही नाही. कुदळीला ढेकूळ लागलं ते विटेसारखं, आणि पांढरी मुळं त्या थरावर येऊन आडवी वळलेली.

घरी येऊन जुना अहवाल काढला. तांबं 11.6 पीपीएम, म्हणजे मातीच्या दहा लाख भागांत 11.6 भाग. पिकाला कमी पडू नये म्हणून धरलेली मर्यादा 0.2 पीपीएम. तिच्या वर 0.3 असो की 11.6, अहवालात शब्द एकच येतो, ‘पुरेसे’. मृदा आरोग्य पत्रिका 2015 साली आली, तिच्यात बारा घटक मोजतात. त्यांत पाणी किती वेळात जिरतं हे नाही, गांडुळं नाहीत, आणि तांबं जास्त झालं तर काय, हेही नाही. पिकाला काय कमी पडेल ते ती सांगते, आणि आम्ही त्यालाच जमिनीचं आरोग्य म्हणतो.

हे तांबं येतं बोर्डोतून, मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकातून. एक टक्क्याचं बोर्डो 300 लिटर मारलं की तीन किलो मोरचूद गेलं. त्यात पाऊण किलो तांबं. पानावरचं पावसानं, उरलेलं छाटणीच्या काडीबरोबर, शेवटी मातीतच उतरतं. ते कुजत नाही, उडून जात नाही. बाग अठरा वर्षांची आहे. युरोपात 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांब्याची मर्यादा आहे. त्याच युरोपला माल पाठवताना आपण मण्यांवरचे औषधांचे अंश तपासतो, मातीकडे मात्र पाहत नाही.

गांडुळं तांब्यानं गेली की चाकांनी, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. पाऊस थांबला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, म्हणून ओल्यातच ब्लोअर घालावा लागतो. तांबंही त्याच फवारणीतलं, चाकांखाली माती दडपणंही त्याच फेरीतलं. अण्णांची यात चूक काढायला माझी जीभ धजली नाही. दोन ओळींमध्ये ताग करा, वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर घालू नका, हे सांगितलं. सांगताना आभाळ भरलेलं होतं.

निघताना त्यांचा मुलगा टाकीपाशी उभा होता. चुना भिजवून ठेवलेला, मोरचूद पोटलीत बांधून पाण्यात लोंबकळत सोडलेलं. शेंड्याकडच्या पानांवर डाऊनीचे तेलकट डाग दिसत होते. “ताई, उद्या मारू का नको?”

मी “मारा” म्हणाले. अर्ध्या टक्क्याचं मारा, म्हणाले.

नव्या नमुन्यांचे आकडे आले आहेत. ओळींमधलं तांबं बोदापेक्षाही जास्त निघालं. त्यापुढच्या रकान्यात छापून आलेला शब्द तोच आहे, आणि माझी सही अजून बाकी आहे.