निसर्ग वादळानंतरचे नऊ दिवस आणि नेव्हीवाले आबा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं आणि काही दिवसांतच आमच्या सात जणांच्या गँगला ऑर्डर आली की रायगडला जायचं. मी सांगलीकडचा लाईनमन. वळवाच्या वाऱ्यानं पोल आडवे झालेले दरवर्षी बघतो, पण श्रीवर्धन तालुक्यात गाडी शिरली तेव्हा आमच्यातलं कुणी बोलेनाच. सुपारीच्या वाड्या म्हणजे तिकडं घराच्या मागं इतक्या दाट की दुपारीसुद्धा खाली अंधार, त्या अख्ख्या झोपलेल्या, माडांचे शेंडे पिळून तोडल्यासारखे, आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या खाली कुठंतरी आमची तार. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, झाड फळाला यायला सात-आठ वर्षं लागतात, म्हणजे लोकांचं त्या वर्षाचं नाही तर पुढच्या कितीतरी वर्षांचं पीक एका दुपारी गेलेलं.

आम्हाला दिलेल्या गावाच्या तोंडावर एक म्हातारा माणूस उभा होता. खाकी हाफ पँट, पांढरा स्वच्छ बनियन, तोंडाला पंचा, हातात जाड रजिस्टर. गाडी थांबवली आणि प्रत्येकाचं नाव, गाव, घरचा फोन नंबर आणि रक्तगट विचारून लिहून घेतला, पुढं वेळ टाकली १६४०. कोरोनाचे दिवस, मला वाटलं बाहेरचे लोक म्हणून अडवतायत, म्हटलं आबा पास आहे आमच्याकडं. ते म्हणाले, "पास राहू दे तुमच्याकडे. मला माणसं मोजायची आहेत."

राहायची सोय शाळेत केली होती, पत्रे उडालेले पण दोन खोल्या धड होत्या, त्या त्यांनी फिनाईलनं धुवून घेतल्या होत्या. जेवण गावातल्या बायका पाळीपाळीनं करायच्या, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकट, आणि डबा शाळेच्या पायरीवर ठेवून लांब उभ्या राहायच्या. त्यातल्याच एका काकूंनी मला आबांचं सगळं सांगितलं, कारण आबा स्वतःबद्दल काही बोलायचे नाहीत.

आबा १९६७ ला नेव्हीत गेले, एकोणीस वर्षांचे असताना. जामनगरच्या वलसुरात, म्हणजे नेव्हीच्या ट्रेनिंग केंद्रात, इलेक्ट्रिकलचं ट्रेनिंग, मग विक्रांत जहाजावर. पंधरा वर्षं नोकरी करून ८२ ला सुटले तेव्हा बरोबरचे बरेच जण मुंबईत कंपनीला लागले, काही आखातात गेले, मर्चंट नेव्हीत तर अजून चांगला पगार. हे गावाला आले आणि इथंच राहिले. नळपाण्याच्या योजनेची मोटर तेव्हा ३५ वर्षं तेच बघत होते, शाळेचं वायरिंग त्यांचं, स्मशानातल्या शेडचा दिवा त्यांचा. पोरांना खाडीत पोहायला शिकवलं. कुणा फौजीची विधवा पेन्शनच्या कागदासाठी अडली तर तिला एसटीनं अलिबागच्या सैनिक कल्याण ऑफिसला घेऊन जायचे, एकदा नाही, काम होईपर्यंत. काकू म्हणाल्या, "वादळाच्या आदल्या रात्री घराघरात फिरून माणसं शाळेत आणलंनी. माझी सासू यायला तयार नव्हती, तिला पाठीवर घेतलंनी." वादळ चालू असताना त्यांनी तीन वेळा हजेरी घेतली म्हणे. दुसऱ्या वेळेला एक नाव कमी निघालं, एक आजोबा गुरं सोडायला गेले होते, आबा त्या वाऱ्यात जाऊन त्यांना घेऊन आले. सत्तरी ओलांडलेला माणूस!

आता मूळ गोष्ट. सहावा दिवस.

आम्ही यायच्या आधीच आबांनी गावातल्या सगळ्या जनरेटरची यादी केली होती, अकरा निघाले. लाईटच नाही म्हटल्यावर ज्याच्याकडं होता त्यानं बाहेर काढला होता. आमच्या धंद्यात जनरेटरला लोक सापासारखं घाबरतात, कारण घरमालक मेन स्विच बंद न करता जनरेटर घरच्या वायरिंगला जोडतो आणि तो करंट सर्व्हिस वायरनं, म्हणजे पोलवरून घरात येणाऱ्या तारेनं, उलटा लाईनवर येतो. डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचला तर तो ट्रान्सफॉर्मर उलटा चालून पलीकडच्या मोठ्या लाईनवर अकरा हजार व्होल्ट करतो. आम्ही सबस्टेशनकडून परमिट घेऊन, लाईन बंद आहे म्हणून निवांत वर चढलेलो असतो. आबांनी काय केलं तर त्या अकराही घरांच्या मेनमधलं किटकॅट, म्हणजे फ्यूजचा काढता येणारा तुकडा, काढून आणलं, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी चिकटवली आणि सगळी डालड्याच्या डब्यात घालून डबा स्वतःजवळ ठेवला. शिवाय जनरेटर फक्त संध्याकाळी ७ ते ९, गँग खाली उतरल्यावर. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं गाव मी पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी डीपीपासून तिसऱ्या एलटी पोलवर, म्हणजे घरांकडं जाणाऱ्या लाईनच्या पोलवर होतो. खाली आबा आणि गावातली चार पोरं दोर ओढत होती, कंडक्टर म्हणजे लाईनची तार वर घेतलेली, मी ती पोलवरच्या शॅकल इन्सुलेटरला बांधणार. हातमोजे घालून बायंडिंग वायर पिळता येत नाही म्हणून मोजा काढला. डीपीचे फ्यूज आमच्या खिशात, मोठी लाईन तोडणारा एबी स्विच उघडा, त्या अकरा हजारच्या लाईनला अर्थिंग लावलेलं, पण ह्या एलटीच्या बाजूला शॉर्टिंगची साखळी, म्हणजे तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडणारी साखळी, लावलेली नव्हती. एकच होती, ती डीपीला होती. ही चूक माझी, ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार नाही.

आजूबाजूला चार-पाच ठिकाणी झाडं कापायच्या मशिनी चालू होत्या, कानठळ्या बसत होत्या. आणि खालून एकदम आबांचा आवाज आला, असा आवाज मी त्यांचा ऐकला नव्हता. "हात वर! तारेला हात लावू नको, हात वर!"

मी तसाच थांबलो, दोन्ही हात डोक्यावर, पट्ट्यावर लटकलेला. आबा दोर पोरांच्या हातात देऊन पडलेल्या सुपाऱ्यांवरून उड्या मारत पलीकडच्या वाडीत पळाले. मी खिशातला टेस्टर काढून तारेला टेकवला. पेटला. पाऊस पडून गेलेला, पोल ओला, मी ओला. पाय इतके कापायला लागले की खाली उतरताना मला दोघांनी धरलं.

पलीकडं एक बंगला, मुंबईच्या माणसांचा, तो बंद होता म्हणून यादीत नव्हता. त्याचा राखणदार पोरगा त्याच दिवशी सकाळी परत आला होता, फ्रीज सडला म्हणून त्यानं जनरेटर काढला आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली, मेन चालूच. एरवी अख्ख्या वाडीचा लोड येऊन जनरेटर बंद पडला असता, पण निम्म्या घरांच्या सर्व्हिस वायर तुटलेल्या, लोडच नव्हता, त्यामुळं तो आरामात चालत राहिला.

मी आबांना विचारलं की एवढ्या गोंगाटात तुम्हाला कळलं कसं. म्हणाले, "झाड कापायची मशीन वरखाली होते, लाकडात गेली की दबते. हा एकाच सुरात होता."

पोरगा वीस-एकवीसचा असेल, काय झालं असतं ते कळल्यावर रडायला लागला. आबांनी त्याला एक शब्द वाकडा बोलला नाही, पाणी दिलं, त्याच्या मेनचं किटकॅट काढलं, चिठ्ठी लावून डब्यात टाकलं. रजिस्टरमध्ये अकराचे बारा केले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा आमच्याबरोबर दोर ओढायला हजर.

त्या रात्री मला झोप नाही. शाळेच्या पायरीवर बसलो होतो तर आबा कंदील घेऊन फेरीवर आले, चार हात अंतर ठेवून बसले आणि पहिल्यांदाच आपणहून बोलले. १९७१ ला विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, स्पीड कमी, तरी अंदमानकडून बंगालच्या उपसागरात गेले आणि ४ डिसेंबरपासून कॉक्स बझार, चितगाववर विमानं सोडली. हे खाली स्विचबोर्डला. "युद्ध काही दिसलं नाही रे. डोक्यावर विमान फेकणाऱ्या कॅटापल्टचा दणका बसला की समजायचं एक गेलं. मग ते परत यायची वाट बघायची. आमचं काम एवढंच, करंट जाऊ द्यायचा नाही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले की वलसुरात शेजारच्या खाटेवर झोपणारा एक जण खुकरी जहाजावर होता. खुकरी ९ डिसेंबरला दीवजवळ पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. "यादी आली तेव्हा मी नाव दोनदा वाचलं," एवढंच म्हणाले आणि कंदील घेऊन उठले, अजून तीन घरं बघायची राहिली होती.

पुढचे तीन दिवस काम धडाधड झालं. मी शॉर्टिंगच्या अजून दोन साखळ्या मागवून घेतल्या. नवव्या दिवशी संध्याकाळी चार्जिंग, म्हणजे लाईन चालू करायची. त्याआधी आबा प्रत्येक घरात गेले, कुठं तुटकी वायर लोंबत नाही ना, ओल्या भिंतीला करंट उतरणार नाही ना, बघून खूण करत. सगळं गाव डीपीपाशी जमलेलं, काही लोक घाई करत होते, पण आबांची खूण पूर्ण झाल्याशिवाय मी फ्यूज टाकला नाही. मग टाकला. लाईट आल्यावर जो आवाज झाला तो अजून कानात आहे. आबा तिथं नव्हते, डबा घेऊन बारा घरांची किटकॅट परत बसवत फिरत होते.

सकाळी निघालो तर वेशीवर तेच उभे, खाकी हाफ पँट, हातात रजिस्टर. काकूंनी प्रत्येकाला कोकमाची पुडी दिली, वादळाच्या आधीच्या कोकमातलं थोडंफार वाचलं होतं त्यातलं. आबांनी गाडीत डोकावून एकेकाचं नाव वाचलं, आम्ही एकेक जण हो म्हणालो, शाळेतल्यासारखं. माझं नाव वाचताना जरा थांबून माझ्याकडं बघितलं. मग लिहिलं, मला खिडकीतून दिसलं: सात आले, सात गेले, ०७१५.

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि गाडीवर दोनदा थाप मारली.