ला फूलीला मी का थांबले

“शाँपे अवघे चौदा किलोमीटर होते, कट-ऑफला चाळीस मिनिटे शिल्लक होती, मग ला फूलीलाच का थांबलात?” यूटीएमबीहून, म्हणजे आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताला वळसा घालणाऱ्या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतीहून, परतल्यापासून सिंहगडाच्या पायथ्याशी, सरावानंतरच्या चहाला, लग्नाच्या मांडवातसुद्धा मला हाच प्रश्न विचारला गेला आहे. ला फूली आणि त्यापुढचे शाँपे हे त्या वाटेवरचे थांबे, आणि कट-ऑफ म्हणजे थांबा सोडण्याची शेवटची वेळ. विचारणारे बहुतेक स्वतः पळणारे आहेत आणि त्या रात्री मोबाइलवरच्या नकाशात माझा ठिपका पाहत जागले होते, म्हणून मार्गाचे वर्णन करत बसत नाही. आजवर मी प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले.

पहिले उत्तर मांड्यांचे होते आणि ते खोटे नव्हते. त्या शर्यतीतला १०,००० मीटरचा चढ म्हणजे आतकरवाडीहून सिंहगड सोळा-सतरा वेळा चढणे, हे गणित मी सरावात पाठ केले होते. पण आपला उतार सहाशे मीटरांत संपतो आणि २,५३७ मीटरवरच्या ग्राँ कोल फेरे या खिंडीहून ला फूलीपर्यंतचा उतार नऊशे मीटरांहून अधिक आहे, तोही शंभर किलोमीटर अंगावर घेतल्यानंतरचा. उतरताना मांडीचा स्नायू आवळलेला असतानाच ताणला जातो आणि हळूहळू आतून फाटत जातो. दुसरे उत्तर पोटाचे होते, कारण आधीच्या कूरमायर या थांब्यानंतर माझ्या पोटात काहीच ठरले नव्हते. तिसरे उत्तर असे की दरवर्षी जवळपास एक तृतीयांश लोक वाटेत थांबतात. हे मात्र मी ढालीसारखे वापरले, हे कबूल करते. ज्यांनी त्याच रात्री तसेच पाय घेऊन पुढची वाट धरली, त्यांच्याविषयी ते काहीच सांगत नाही.

आता जे सांगितले नाही ते. तंबूत मी बाकावर बसले होते आणि हातातला शेवयांचा सूप निवत होता. पुढचे चौदा किलोमीटर त्या भागातले सर्वांत सोपे आहेत, बराचसा सौम्य उतार आणि अखेरीस चारेकशे मीटरचा चढ, हे मला नीट ठाऊक होते. शाँपेला माझा नवरा थर्मासमध्ये मऊ भात, तूप आणि मेतकूट घेऊन थांबला होता, कारण बाहेरची मदत घेण्याची परवानगी तिथे होती आणि ला फूलीला नव्हती. तो मला थांब म्हणणार नाही, भात भरवील, मोजे बदलायला लावील, हेडलॅम्पची बॅटरी बदलून देईल आणि मी बोव्हीनच्या चढाला लागेन, त्यानंतर कातोन्य, त्यानंतर फ्लेजेर असे आणखी चढ, हे सगळे मला त्या बाकावर बसून स्पष्ट दिसले. शाँपेला पोहोचता येणार नाही म्हणून मी थांबले नाही. पोहोचले तर पुढे जावे लागेल, म्हणून थांबले. समोरच्या वयस्कर स्वयंसेविकेने दोनदा, सावकाश, खात्री आहे का असे विचारले आणि दोन्ही वेळा मी लगेच हो म्हटले.

मग तासाभराने थांबलेल्यांना नेणारी बस आली आणि तंबूपासून तिच्यापर्यंत मी कोणाचाही हात न धरता चालत गेले. मला छळते ते हे चालणे. शाँपेला नवऱ्याने काही न विचारता थर्मास उघडला, आणि आजतागायत त्याने विचारलेले नाही.

परतल्यावर क्लबच्या बैठकीत “शरीराने साथ सोडली” असे मी सांगितले होते. ते सांगणारी मी भेकड होते असे मला वर्षभर वाटत आले आहे. पण तसे म्हणताना पुण्यात, पोटभर जेवून, झोपून उठलेली मी चाळीस तास जागलेल्या बाईचा न्याय करते आहे, हेही मला दिसते. थकलेल्या मेंदूला वाटलेली भीती शरीराची की मनाची, हे तिथे बसून तिला कसे ओळखता आले असते? आणि ओळखता आले नसते, तर ती इतक्या चटकन हो कशी म्हणाली? पुढच्या सोडतीत नाव घालणार का, असेही तुम्ही विचारता. अर्ज दोनदा उघडला आहे आणि दोन्ही वेळा बंद केला आहे.