आधी तिथी, मग तारीख: तेरेखोलच्या मुखापासून बांद्यापर्यंत सायकलने

सावंतवाडीहून वेंगुर्ला, तिथून किनाऱ्याने शिरोडा, रेडी आणि तेरेखोल, फेरीबोटीने पलीकडे गोव्यातलं केरी, मग तेरेखोल नदीच्या काठाने पालये, किरणपाणी, पुलावरून आरोंदा, सातार्डा, मडुरे, बांदा आणि परत सावंतवाडी. हा वळसा साधारण शंभर किलोमीटरचा आहे. नकाशावर तो एका दिवसात होईल असं दिसतं, आणि हलक्या सायकलवर होतोही. पण सामान लादून, किनारा आणि नदी दोन्ही नीट बघत जायचं तर दोन दिवस हवेत, आणि ते दोन दिवस कोणते हे सुट्टीच्या तारखेपेक्षा पंचांगावर ठरवावं असा माझा अनुभव आहे.

कारण या वाटेवर दोन ठिकाणी पाण्याची मर्जी चालते. आरवलीच्या सागरतीर्थापासून शिरोड्याच्या वेळागरापर्यंत ओल्या घट्ट वाळूवरून सायकल चालवायची तर ओहोटी हवी. आणि तेरेखोलच्या धक्क्यावर फेरीला टेकायचं तर पाणी हवं. पूर्ण ओहोटीला मुखाजवळ वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि फेरी काही वेळ थांबते.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब इथे फार उपयोगी पडतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याचा पाऊणपट करायचा, येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, गणित तेच. आपल्याला सकाळी साडेसात ते नऊ या वेळात ओहोटी आणि दुपारी भरती हवी आहे. म्हणजे द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी सकाळी आठच्या आसपास. शिवाय पौर्णिमा-अमावास्या नुकती होऊन गेलेली असल्याने उधाणाचा जोर अजून असतो, पाणी लांबवर मागे जातं आणि वाळूचा कडक पट्टा रुंद मिळतो. हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटची खात्री भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराची वेळ बघून करावी.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे वेंगुर्ल्याकडून केरीकडे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून हलका वारा असतो, दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि तो संध्याकाळपर्यंत टिकतो. दक्षिणेला आणि पुढे नदीने आत पूर्वेला जाताना तो पाठीवर येतो. हाच वळसा उलटा केला तर दिवसाचा सर्वांत तापलेला भाग वाऱ्याच्या तोंडावर जातो, त्यामुळे उलट दिशा मी कुणालाच सुचवणार नाही.

सायकलचा विचार करताना लोक समुद्रकिनारा म्हणजे सपाटी असं धरून चालतात. इथे तसं नाही. रस्ता जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून चालतो, प्रत्येक खाडीला किंवा व्हाळाला (ओढ्याला) पाण्याच्या पातळीपर्यंत खाली उतरतो आणि पलीकडे लगेच घाटी चढतो. चढ लहान, पण आठ-दहा टक्क्यांचे, आणि एका मागोमाग एक. दहा-बारा किलो सामान असेल तर पुढच्या सर्वांत लहान चक्रीचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीपेक्षा जास्त नसावेत. पुढे ३४ ला मागे ३४ हे किमान, ३० ला ३४ असेल तर गुडघे संध्याकाळी तक्रार करत नाहीत. उतारांवर खरी काळजी तळाशी घ्यावी लागते. पावसाने वाहून आणलेली जांभ्याची खडी नेमकी पुलाच्या तोंडाशी, वळणावर साचलेली असते. ब्रेक वळणाआधी, सरळ असताना दाबायचा. वळणात खडीवर पुढचा ब्रेक लावला की चाक निसटतं.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद घ्यावेत. सामानासह ४० मिलिमीटरला डांबरावर मागे ४५ ते ५०, पुढे ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते. वाळूवर उतरताना दोन्हीकडून दहा-पंधरा कमी करायचे, वर आल्यावर पंपाने परत भरायचे. हवा कमी असताना डांबरावर वेगात खड्डा लागला तर ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, म्हणून परत हवा भरण्याचा कंटाळा करू नये.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी सावंतवाडी रोड स्थानक सोयीचं आहे, पण शहर तिथून आठ-नऊ किलोमीटर दूर आहे. सायकल डब्यात न्यायची तर सामानाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहे. दोन्ही चाकं काढलेली सायकलही त्यात नीट बसत नाही. मार्ग उरतो तो पार्सल कार्यालयातून, आपल्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात. अडचण थांब्याची येते: गाडी ज्या स्थानकावर पाच मिनिटांपेक्षा कमी थांबते तिथलं बुकिंग कार्यालय नाकारू शकतं, आणि घेतलं तरी घाईत सायकल उतरवली न जाण्याचा धोका असतो. म्हणून तिकीट काढण्याआधी थांबा बघावा. पॅक करताना पेडल काढावेत, हँडल फ्रेमला समांतर वळवून बांधावं, मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) सर्वांत मोठ्या चक्रीवर आणून फ्रेमकडे ओढून ठेवावा आणि त्याच्या हँगरवर, म्हणजे तो फ्रेमला जोडणाऱ्या पट्टीवर, पुठ्ठ्याची जाड घडी बांधावी. प्रवासात सर्वांत जास्त वाकतो तो हँगरच. आपल्या सायकलचा एक जास्तीचा हँगर सोबत ठेवा, कारण प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि वाटेत मिळत नाही.

पहिल्या दिवशी वेंगुर्ल्यावरून मोचेमाड, आरवली करत शिरोड्यात मुक्काम. मोचेमाडच्या खाडीची उतरण-चढण सोडली तर विशेष त्रास नाही. शिरोड्याची मिठागरं ही १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची जागा. बांधांवरून सायकल ढकलत जावं, चालवू नये: वरची माती मिठाने मऊ आणि निसरडी असते, आणि बांध फुटला तर आगरवाल्याचं नुकसान होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूवर. उजेड झाल्याशिवाय उतरू नका. हा हंगाम ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंडी घालण्याचाही आहे, आणि घरटी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत असतात. पाण्यालगतच्या गडद, चमकणाऱ्या पट्ट्यातच राहावं. चालवायलाही तोच उत्तम. चाकाची खूण बोटाच्या पेरापेक्षा खोल जाऊ लागली की पट्टा संपला असं समजा. लाटेच्या पाण्यातून सायकल नेण्याचा मोह आवरावा. खारं पाणी हबच्या (चाकाच्या मध्याच्या) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये गेलं की ग्रीस धुतलं जातं आणि खरखर काही दिवसांनी, घरी पोचल्यावर सुरू होते.

रस्त्यावर परत आल्याबरोबर दोन बाटल्या गोड पाणी चेन, चक्र्या आणि ब्रेकवर हळू ओतायचं. जोराच्या फवाऱ्याने नाही, त्याने मीठ आत ढकललं जातं. फडक्याने पुसायचं आणि चेनच्या प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब. खाऱ्या हवेत जाडसर तेल गंज जास्त रोखतं, पण लाल धूळ ओढून घेतं. म्हणून तेल मुरल्यावर चेन बाहेरून कोरडी पुसणं आवश्यक आहे.

रेडीत लोहखनिजाची धूळ आणि ट्रक, दोन्ही भेटतात. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबरी पॅड दाबणारा) असेल तर इथून पुढे दर उतारानंतर पॅडकडे नजर टाका. खनिजाचे बारीक कण रबरात रुततात आणि रिम किसत जातात. खरखर ऐकू आली की थांबून चाकूच्या टोकाने कण काढावेत. रेडीहून तेरेखोलला जाणारा रस्ता चढून मग मुखाकडे तीव्र उतरतो.

तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे भूगोलाने महाराष्ट्राच्या बाजूला, पण तो गोव्याचा. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला आणि सीमा त्या हिशोबाने राहिली. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला होता. त्यामुळे नदी ओलांडण्याआधीच तुम्ही गोव्यात आलेले असता. किल्ल्यावरून मुखाकडे बघितलं की वाळूचा दांडा किती उघडा आहे ते दिसतं आणि फेरी कधी चालू होईल याचा अंदाज येतो.

फेरीवर चढताना क्लीटचे (तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले) बूट घालून उताराच्या लोखंडी फळीवर पाय ठेवू नका. शेवाळ आणि पाणी यांमुळे तिथे सर्वांत जास्त लोक घसरतात. सायकल हाताने, मागचा ब्रेक धरून न्यावी. आत कठड्याला टेकवून ब्रेकचा दांडा रबरबँडने दाबून ठेवावा. गाड्या उतरल्यावर शेवटी उतरावं. फेरी बंदच असेल तर ताटकळण्यापेक्षा रेडीहून आतल्या रस्त्याने आरोंद्याला जाता येतं; केरीचा किनारा आणि पालयेची वाट तेवढी हुकते.

केरीपासून पुढचा भाग मला या सगळ्या वळशात सर्वांत प्रिय आहे. नदी रुंद, दोन्ही काठांना कांदळवन, मध्ये बेटं, आणि रस्ता बराच वेळ पाण्याच्या पातळीला. खाजणाच्या (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या) बांधांवरून आत शिरायचं असेल तर कालवांच्या शिंपल्यांपासून सावध. काटा ट्यूबला भोक पाडतो, शिंपला टायरची बाजूच चिरतो. अशा चिरेवर नुसता पॅच टिकत नाही. टायरला आतून टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा कापलेला तुकडा लावून मग ट्यूब भरावी, आणि हवा पाच-सात पीएसआय कमी ठेवावी.

किरणपाणीच्या पुलावरून आरोंदा, किंवा गोव्याच्याच बाजूने नयबागपर्यंत जाऊन तिथल्या पुलाने सातार्डा. पहिला पर्याय शांत, दुसऱ्यात वाहनं जास्त. दोन्हीकडे राज्य बदलतं, आणि गोव्यातून परतताना दारूसाठी पिशव्या तपासल्या जाऊ शकतात. पॅनिअर (सायकलला लटकवलेल्या पिशव्या) पटकन उघडतील असे भरा.

सातार्डा ते बांदा रस्ता नदीपासून थोडा दूर सरकतो, मडुऱ्याला कोकण रेल्वे भेटते, आणि खारं पाणी मागे पडून काजूच्या बागा सुरू होतात. बांद्यात महामार्ग लागतो. चौपदरी रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. त्या इतक्या बारीक असतात की टायरच्या आतून बोट फिरवलं तरी सापडत नाहीत, कापूस फिरवला की धागा अडकतो. जुन्या इन्सुली घाटाने सावंतवाडी गाठणं त्यामुळे बरं. चढ सलग आहे, पण सावली मिळते, आणि अंधार पडायच्या आत माथ्यावर असलं की उतारावर खड्डे दिसतात.